आत्येचा पेसमेकर

“म्हणजे परत कापणार? घड्याळाचा सेल बदलतात तसा बदलता येत नाही?”

आज फोंड्याला आत्येने चहाचा कप पुढे करता करता विचारलं. तिच्या पेसमेकरची बॅटरी उतरत आलीय. डबी सीलबंद असते, बॅटरी संपली की अख्खी डबीच बदलायची, हे मी समजावलं. खांद्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, “आणि तू इतकी वर्षं हेच शिकलास ना रे?”

लागलं. कारण माझं काम नेमकं तेच, कमी विजेवर चालणारे अँप्लिफायर, म्हणजे बारीक सिग्नल मोठा करणारी सर्किटं. हृदयाच्या आतून येणारा सिग्नल असतो काही मिलिव्होल्टचा. तो ऐकणारं सर्किट चोवीस तास जागं, आणि अख्ख्या पेसमेकरला मिळून खर्चायला जेमतेम दहा-वीस मायक्रोॲम्पिअर (ॲम्पिअरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोॲम्पिअर). करंट कमी केला की नॉइज, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणारी सर्किटची खरखर, डोकं वर काढतो. नॉइज निम्मा करायचा तर करंट चौपट! लॅबमध्ये अर्धा मायक्रोॲम्पिअर वाचला तरी आम्ही खूश. (बायकोला सांगून पाहिलं, ती भाजी चिरत राहिली.)

१९५८ साली स्वीडनमध्ये पहिल्यांदा शरीरात बसवलेला पेसमेकर काही तासांतच बंद पडला होता. आत्येचा दहा वर्षं चाललाय. हे सांगणार होतो, तेवढ्यात तिने पर्समधून पेसमेकरचं कार्ड काढलं, कदंब बसच्या जुन्या तिकिटांत गुंडाळलेलं. “नवीन बसवल्यावर हेच चालतं, की दुसरं देतात?”

आम्ही डिझाइनमध्ये बॅटरीचं आयुष्य वर्षांत मोजतो. ऑपरेशनांत मोजलं तर?