रेस्ट निघाला, सर्व्हिंगही सैल झालं

आत्ता रात्री साडेदहाला सगळं जागेवर बसलं एकदाचं. टेबलावर धाग्याचे तुकडे पडलेत, बोटांना ग्लूचा वास येतोय, झोप येत नाहीये म्हणून लिहून काढतोय.

सकाळी तिरंदाजीच्या प्रॅक्टिसला तिसऱ्या एंडमध्ये (बाणांच्या फेरीत) बाण ओढून क्लिकरपर्यंत (बाण पूर्ण ओढला की टिक वाजवणाऱ्या पट्टीपर्यंत) आणला आणि पुढचं टोक एकदम खाली घसरलं, बघतो तर रेस्ट, म्हणजे बाण टेकतो तो छोटा आधार, रायझरवरून (बोच्या मधल्या भागावरून) सुटून लोंबकळतोय. बाण सोडला नाही, तसाच हळूहळू परत आणला. रेस्टशिवाय सुटलेला बाण कुठेही जाऊ शकतो, बो धरलेल्या हातालाही लागू शकतो, त्यामुळे अशा वेळी मला काहीही झालं तरी बोटं सोडायची नसतात. मग बसून बो नीट तपासला तर नॉकिंग पॉइंटच्या (स्ट्रिंगवर बाण अडकवायच्या खुणेच्या) खाली सर्व्हिंग, म्हणजे स्ट्रिंगवर गुंडाळलेला संरक्षक धागा, पण सैल झालेलं, नखाने ढकललं तर धागा सरकत होता.

रेस्ट चिकटवणं पाच मिनिटांचं काम वाटतं. मागच्या वेळी मी तसंच केलं होतं, घाईत नवीन टेप लावून अंदाजाने दाबला, आणि पुढचे दोन आठवडे बाण डावीकडे जातायत म्हणून माझा रिलीज (बोटं सोडायची पद्धत) सुधारत बसलो. दोन आठवडे! चूक माझ्या बोटांची नव्हतीच, रेस्ट थोडा वर बसला होता आणि प्लंजरचं (बाणाला बाजूने टेकणाऱ्या स्प्रिंगच्या खिळीचं) बटण बाणाच्या मध्यावर टेकतच नव्हतं. त्या दोन आठवड्यांत चांगला रिलीज बिघडवला तो परत आणायला अजून वेळ गेला, त्याचं वाईट आजही वाटतं.

म्हणून आज आधी वही काढली. प्लंजर काढायच्या आधी स्प्रिंगचा स्क्रू पूर्ण आवळेपर्यंत किती आटे लागतात ते मोजलं, साडेतीन. क्लिकरच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने रेघ मारली, ब्रेस हाइट (स्ट्रिंग आणि ग्रिपमधलं अंतर) २२.५ सेंटिमीटर लिहिली, नॉकिंग पॉइंटची उंची बो स्क्वेअर नावाच्या मापपट्टीने घेतली. मगच हत्यारं. रायझरवरचा जुना चिकट थर नखाने आणि प्लास्टिकच्या पट्टीने काढला, पत्र्याने खरवडलं नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू दिलं. रेस्ट लावताना स्ट्रिंगवर बाण चढवून समोरून बघितलं की त्याचा मध्य बटणाच्या मध्याशी येतोय का, आणि वरून बघितलं की फ्लिपरची तार (रेस्टची बाणाखालची तार) बाणाच्या बाहेर डोकावत नाहीये ना. तार बाहेर असली की सुटताना वेन्स (बाणाची पिसं) तिला घासतात. तार थोडी वाकलेली होती, बारीक पकडीने सरळ केली, पण एकाच जागी परत परत वाकवली तर ती तुटणार, म्हणून नवीन रेस्ट घ्यायचाय हे पण लिहून ठेवलं. प्लंजर उघडून कोरड्या कपड्याने पुसला, तेल घातलं नाही, तेलाला धूळ चिकटते.

सगळ्यात जास्त वेळ सर्व्हिंगने खाल्ला. जुनं कापताना ब्लेडची धार स्ट्रिंगच्या दिशेला जाऊच द्यायची नाही, तिचा एक जरी स्ट्रँड (आतला धागा) कापला गेला तर ती स्ट्रिंग गेली, तिच्यावर दुरुस्ती नाही. सुरुवातीचं टोक दहाएक वेढ्यांखाली दाबलं, जिगचा (धागा गुंडाळायच्या साधनाचा) ताण सगळीकडे सारखा ठेवत गुंडाळत गेलो, एकदा ताण ढिला झाला म्हणून पूर्ण उलगडून परत केलं. मग नॉक (बाणाची मागची खाच) स्ट्रिंगवर बसवून बघितला. बाण स्ट्रिंगवर खाली लटकला पाहिजे आणि स्ट्रिंगला बोटाने टिचकी मारली की सुटून पडला पाहिजे. पहिल्यांदा टिचकीने सुटेना, धागा जाड निघाला, परत सोडला, बारीक धाग्याने गुंडाळला. मग सुटला. ७० मीटरवर दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं असतं, तिथे नॉक बाणाला धरून ठेवतोय की नीट सोडतोय याने फरक पडतोच. नॉकिंग पॉइंट वहीतल्या मापावर धाग्यानेच बांधला.

जाता जाता सगळे बाण पण तपासले, कानाजवळ धरून हलकेच पिळले आणि चेहऱ्यापासून लांब धरून वाकवले. एकातून बारीक करकर आली. वेन्स नवीन होते, पॉइंट (बाणाचं पुढचं टोक) चांगला होता, जीवावर आलं, पण पॉइंट काढून घेतला आणि शाफ्ट मोडून टाकून दिला म्हणजे चुकून कोणी वापरणार नाही. रेस्ट, क्लिकर, वेन्स मी कितीही वेळा दुरुस्त करेन, पण तडा गेलेला कार्बन किंवा लिंब (बोचा वाकणारा हात) चिकटवायचा नाही, तो सुटताना फुटला तर हातात घुसतो.

स्टॅबिलायझर (बोचा तोल राखणारा दांडा) आवळला, क्लिकर रेघांच्या मध्ये आहे. टेप रात्रभर दाबून राहू दे. सकाळी आधी ५ मीटरवरून फेस (टार्गेटचा कागद) न लावता सहा बाण, मग १८, मगच लांब. साईटला (नेम धरायच्या साधनाला) तोपर्यंत हात लावायचा नाही.