डीएमएसओच्या रकान्यात गेलेले सात महिने

कॅन्सरच्या पेशींवर संयुगं तपासून देणाऱ्या एका केंद्राच्या फॉर्मवर सातवा रकाना होता, ‘सॉल्व्हेंट : डीएमएसओ’, म्हणजे संयुग विरघळवायचं ते डीएमएसओ या द्रवातच. आधीच छापलेला. भरायला रेघ नाही, खूण करायला चौकट नाही. माझ्या पीएचडीचे सात महिने त्या एका ओळीत गेले, म्हणून हे लिहितेय. राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगते.

मी प्लॅटिनमची संयुगं बनवते, सिसप्लॅटिन या कॅन्सरवरच्या औषधाच्या घराण्यातली. १९६५ साली बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ विजेच्या क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते बघत होते. जिवाणू विभागायचे थांबले आणि नुसतेच लांबच लांब वाढत गेले. शेवटी कळलं की करामत विजेची नव्हतीच, इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या प्लॅटिनमची होती. १९७८ मध्ये अमेरिकेत सिसप्लॅटिन औषध म्हणून मंजूर झालं. रक्तात क्लोराइड भरपूर असतं, म्हणून तिथे हा रेणू बराचसा शाबूत राहतो. पेशीत क्लोराइड कमी. तिथे त्याचे क्लोराइड सुटतात, त्यांच्या जागी पाणी येतं आणि मग पाण्याला हटवून डीएनएमधलं ग्वानिन येऊन बसतं. शेजारशेजारची दोन ग्वानिनं एकाच प्लॅटिनमने पकडली की डीएनए तिथे वाकतो आणि पेशीला त्याची नक्कल काढणं अवघड होतं. मी ते दोन क्लोराइड तसेच ठेवून सिसप्लॅटिनमधल्या अमोनियाच्या जागी वेगवेगळी अमाइन्स (अमोनियाचीच भावंडं) लावली होती.

संयुगं बनवण्यात फार अडलं नाही. १९७० साली इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्रीत आलेली धारा यांची आयोडाइडवाली पद्धत आजही जगभर वापरतात, मीही तीच वापरली. लाल प्लॅटिनम मीठ महाग, त्यामुळे स्पॅचुला झटकताना हात थरथरतो, एवढंच. पाच संयुगं झाली. प्लास्मिडबरोबर (जिवाणूतला गोल डीएनए) ठेवून जेल चालवलं, म्हणजे विजेने तो डीएनए जेलमधून पळवला, तर पीळ घातलेला प्लास्मिड उलगडत जाऊन मागे रेंगाळताना स्पष्ट दिसला. म्हणजे डीएनएला चिकटतंय. मी त्या दिवशी सगळ्या लॅबला वडापाव खाऊ घातला.

मग नमुने दुसऱ्या शहरातल्या एका चाचणी केंद्राला पाठवले. पेशी वाढवायची सोय आमच्याकडे नाही. तिथे ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये कॅन्सरच्या पेशी वाढवतात, त्यांना तुमचं संयुग ४८ तास देतात, मग एसआरबीचा गुलाबी रंग देऊन किती पेशी उरल्या ते मोजतात. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. पाचही संयुगं निष्क्रिय. सर्वांत जास्त मात्रेलाही पेशी मजेत.

सर म्हणाले, “अगं, पेशीत शिरतच नसेल.” पटण्यासारखं होतं. मी आणखी दोन महिने घालवून अमाइनला लांब शेपट्या जोडल्या, म्हणजे पेशीच्या स्निग्ध आवरणातून आत जाईल. (या शेपटीवाल्यांपैकी एकही पुढे कामाला आलं नाही.)

उत्तर सापडलं ते निव्वळ हलगर्जीपणातून. जेलसाठी मी संयुगं डीएमएफ या दुसऱ्या सॉल्व्हेंटमध्ये विरघळवायचे. एकदा ते संपलं होतं. फॉर्मसाठी करून ठेवलेलं जुनं डीएमएसओतलं द्रावण कपाटात होतं, तेच वापरलं. या वेळी प्लास्मिड जवळजवळ मागे पडलाच नाही. संयुग तेच, हात तोच. दुसऱ्या दिवशी साधं सिसप्लॅटिन डीएमएसओमध्ये घालून प्लॅटिनमचा एनएमआर घेतला, म्हणजे प्लॅटिनमला काय काय चिकटलंय ते रेघेच्या जागेवरून सांगणारा आलेख. उणे २१०० च्या आसपासची रेघ खचत गेली आणि उणे ३१०० च्या बाजूला नवी उगवली. डीएमएसओतलं गंधक प्लॅटिनमला धरतं आणि क्लोराइडला हाकलून देतं. मी दिलेलं औषध पेशींपर्यंत पोचायच्या आधीच बाटलीत दुसरं काहीतरी झालं होतं. हे शोधनिबंधांमध्ये कित्येक वर्षांपासून छापलेलं आहे. मी वाचलं नव्हतं, ही माझी चूक. पण रोज हेच काम करणाऱ्यांच्या फॉर्मवर ते असू नये?

फोन केला. “मॅडम, एसओपीत (कामाच्या ठरलेल्या नियमावलीत) डीएमएसओच आहे.” मी म्हटलं, सलाइन चालेल का, नाहीतर डीएमएफ? “नियम सगळ्यांना सारखा.” ईमेल केली, एनएमआरचे आलेख जोडले. उत्तर नाही. पुन्हा केली. उत्तरात तोच कोरा फॉर्म जोडून आला. त्यांचीही बाजू आहे: ढिगाने नमुने येतात, सगळ्यांना एकच सॉल्व्हेंट असला की तुलनेसाठी प्लेटवर नुसत्या सॉल्व्हेंटची एकच कोरी ओळ पुरते. हे मला आज कळतं. तेव्हा फोन आपटावासा वाटायचा.

शेवटी पहाटेची एसटी पकडून स्वतः गेले. काउंटरवर काहीच हललं नाही. मागच्या प्रयोगशाळेत प्लेट भरणाऱ्या ताईंना आलेख दाखवले, तर त्या दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे आम्ही तुमचं मारूनच मग टेस्ट करतोय.” अर्ज त्यांनीच लिहून दिला: माझं डीएमएफ मी आणायचं, नुसत्या डीएमएफची वेगळी ओळ लावायची, द्रावण त्याच सकाळी माझ्या हाताने करायचं. साहेबांची सही अर्ध्या तासात झाली. सात महिने, आणि अर्धा तास!

निकाल? पाचपैकी दोन चालली. एक सिसप्लॅटिनच्या जवळपास, दुसरं बरंच कमजोर. पण चाललं!

तुमचं संयुग धातूचं असेल तर फॉर्म भरण्याआधी ते सॉल्व्हेंटमध्ये दोन दिवस ठेवून एनएमआर बघा. रिपोर्ट मायक्रोग्रॅममध्ये (वजनात) आला तर मायक्रोमोलरमध्ये (रेणूंच्या संख्येत) बदलून मगच रडा, कारण जड रेणू वजनावर उगाच हरतो. तुलनेला केंद्र अनेकदा अॅड्रियामायसिन हे कॅन्सरचं दुसरं औषध लावतं. प्लॅटिनमवाल्यांनी त्याच प्लेटवर सिसप्लॅटिनही मागून घ्यावं, आणि तेही डीएमएसओत नको, हे तोंडी न सांगता लिहून द्यावं.

आणि हो, सिसप्लॅटिनचं सलाइनमधलं द्रावण फ्रीजमध्ये ठेवू नका, खाली साका बसतो. मी ठेवलं होतं. तो आठवा महिना, तो धरलेलाच नाही.