माइकसमोरचं पहिलं मिनिट

भाषणाची भीती वाटते म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: नीट पाठ कर, मग काही होत नाही. नवशिक्याचं सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं, असं माझं ठाम मत आहे. शब्दन् शब्द पाठ केला की पुढचं वाक्य मागच्या वाक्याला धरूनच आठवतं. मधला एक शब्द निसटला की पुढचं सगळंच अडतं आणि ते शोधण्याच्या नादात समोरचे लोक दिसेनासे होतात.

पाठ करायची ती फक्त पहिली तीन आणि शेवटची दोन वाक्यं. धडधड सर्वांत जास्त असते ती उठून माइकपर्यंत जाताना आणि बोलायला लागताना. बहुतेकांची ती एक-दोन मिनिटांत उतरू लागते. तेवढ्या वेळात डोक्याला शब्द शोधायला लावू नयेत, म्हणून सुरुवात तोंडपाठ हवी. शेवट अशासाठी, की तो ठरलेला नसला तर माणूस 'तर असं आहे एकूण' म्हणत घुटमळत राहतो.

मधला भाग पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर. सोसायटीच्या सभेत ओल्या कचऱ्याच्या खताबद्दल बोलायचंय असं धरा. कार्डावर एवढंच: 'वास का येतो – सुका पाला – खर्च – पाळी कोणाची'. चार मुद्दे, ठसठशीत अक्षर, वाक्य एकही नाही. मोठा पातळ कागद घेऊ नका. हाताची जराशी थरथर त्याच्या टोकाला चांगलीच दिसते, आणि ती दिसली की आपणच जास्त घाबरतो. या कार्डावरून पाच वेळा उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून बोला. दर वेळी वाक्यं थोडी वेगळी आली तर तयारी योग्य चालली आहे. पाचही वेळा तीच आली तर नकळत पुन्हा पाठांतर सुरू झालंय.

हात गार पडणं, तोंड कोरडं होणं, श्वास वर-वर चालणं हे घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनचं काम. ते थांबवता येत नाही, पण श्वासाचा लगाम आपल्या हातात असतो. आधीचा वक्ता बोलत असताना खुर्चीतच नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा ते आठ आकडे मोजत सावकाश सोडा. असं पाच-सहा वेळा. सोडणं लांबवलं की नाडी जरा मंदावते. कडक चहा-कॉफी आयत्या वेळी नको, कोमट पाण्याचे दोन घोट पुरेत.

माइकची भीती ही वेगळीच गोष्ट आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. आपलाच आवाज मोठा होऊन कानावर आला की नवखा माणूस दचकून मागे सरकतो, आवाज पडतो, मागच्या रांगेतून 'ऐकू येत नाही' येतं आणि उरलासुरला धीर जातो. तोंडापासून चार बोटं अंतर ठेवा आणि मान वळवली तर माइकही सोबत वळवा. जाळीवर मूठ धरू नका, स्पीकरच्या समोर जाऊ नका. शिट्टी वाजते ती बहुधा यामुळेच. मराठीत फ, भ, ख, थ हे हवेचे झोत टाकणारे वर्ण भरपूर. 'फक्त', 'भारत' म्हटलं की धप्प असा आवाज येतो, म्हणून माइक अगदी ओठांसमोर न धरता हनुवटीकडून किंचित तिरका धरा.

मग सुरुवात कुठे करायची? थेट वक्तृत्व स्पर्धेत नको. तिथे बांधलेली वेळ, घंटा आणि परीक्षक असतात. ते पुढचं पाऊल. आधी पाहुण्यांचा परिचय किंवा आभारप्रदर्शन मागून घ्या. काम दोन मिनिटांचं, मजकूर ठरलेला, आणि हातातला कागद कुणालाही खटकत नाही. हळदीकुंकू, गणेशोत्सव, ऑफिसातला निरोपसमारंभ, अशी संधी वर्षभर येत असते. मात्र नावं आणि पदं आदल्या दिवशी विचारून, उच्चारासकट लिहून घ्या. नाव चुकलं तर लोकांच्या तेवढंच लक्षात राहतं.

मोठ्या शहरांत टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करवणाऱ्या संस्थेचे क्लब आहेत. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या संस्थेची एक पद्धत घरीही वापरण्यासारखी आहे: आयत्या वेळी विषय द्यायचा, त्यावर एक ते दोन मिनिटं बोलायचं आणि एकाने फक्त 'अं', 'म्हणजे', 'तर' मोजायचे. चिठ्ठ्या टाकून जेवणानंतर हे दोघांतही करता येतं. आकडा ऐकला की पुढच्या वेळी 'म्हणजे' ओठावर येताच आपण थांबतो. तिथे गप्प राहायचं. आपल्याला ते दोन सेकंद फार लांब वाटतात. ऐकणाऱ्याला तेवढ्यात आधीचं वाक्य नीट पोहोचतं.