दोन बोटं

२०२४च्या लोकसभेला माझ्या आजीने ओसरीवर बसून मत दिलं आणि त्याचा राग अजून तिच्या डोक्यातून गेलेला नाही. तेव्हा वय ८८, गुडघे कामातून गेलेले. ८५च्या पुढच्यांना यंदा घरून मत देता येणार असं कळल्यावर काकाने उत्साहाने मतदारयादीचं काम बघणाऱ्या बीएलओकडून त्यासाठीचा अर्ज, १२-ड नमुना, आणला आणि तिची सही घेतली. सही करताना ती खुशीत होती. एकदा हा अर्ज मंजूर झाला की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे तिला नंतर समजलं.

"म्हणजे शाळेत जायचंच नाही?"

शाळा म्हणजे मतदान केंद्र. साताऱ्याकडच्या आमच्या गावात आजीच्या वयाच्या बायकांना नटून घराबाहेर पडायची हक्काची कारणं मोजकीच: जत्रा, लग्न आणि मतदान. रांगेत उभं राहून कोण कुणाच्या घरची, कुणाची लेक आलीय, कुणाच्या सुनेचं काय, हे सगळं उरकायचं आणि मग जाता जाता मतही द्यायचं.

मतदानाच्या काही दिवस आधी पथक आलं. दोन कर्मचारी, एक पोलीस आणि व्हिडिओ काढणारा एक पोरगा. आजी काठापदराचं लुगडं नेसून तयारच होती. त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि आम्हाला सगळ्यांना अंगणात पिटाळलं. कागदावर खूण, कागद पाकिटात, ते पाकीट आणि सहीचा कागद दुसऱ्या पाकिटात, वर डिंक. सगळं अगदी नियमाने आणि अदबीने झालं. आजीने विचारलं, "झालं?" ते म्हणाले, "झालं, आजी." "एवढंच?" मग तिने त्यांना चहासाठी बसवून ठेवलं आणि रांगेतल्या सगळ्या चौकशा त्यांच्याकडेच केल्या. एक कर्मचारी तिच्या माहेरच्या गावाजवळचा निघाला. तेवढंच समाधान.

तिचं पहिलं मत १९५७चं. तेव्हा २१ वर्षं पुरी लागायची, ती नुकतीच झाली होती. हवेत संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं, आणि आडोशामागे ओळीने पेट्या मांडलेल्या, प्रत्येक उमेदवाराची वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. हातातल्या कागदावर काही लिहायचं नाही, शिक्का मारायचा नाही. आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा की संपलं. अक्षर न ओळखणाऱ्या देशासाठी काढलेली ही युक्ती मला फार हुशारीची वाटते. १९६२च्या निवडणुकीपर्यंत ती गेली आणि एकाच पत्रिकेवर फुलीचा शिक्का मारायची पद्धत आली, तिचीही पुढे यंत्रं झाली. आजीने सगळं पाहिलं. हल्ली यंत्राशेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. आजीच्या मोतिबिंदूला सात सेकंद पुरत नाहीत, पण ती म्हणते, "पेटीत पडलेलं दिसलं ना, बास."

शिकलेल्यांची परीक्षा मात्र पदवीधर मतदारसंघात होते. तिथे यंत्र नाही. जांभळ्या शाईचं स्केचपेन देतात आणि पसंतीचा आकडा लिहायचा असतो, १, २, ३. फक्त आकडा. अक्षरात 'एक' लिहिलंत तर मत बाद. स्वतःचं पेन काढलंत तरी बाद. दरवेळी मोजणीत बाद मतांचा गठ्ठा निघतो आणि ते सगळे पदवीधर असतात. मी स्वतः आकडा लिहिल्यावर तो नीट दिसतोय का म्हणून गिरवायला निघालो होतो. वेळीच हात आवरला.

पण मत देण्याची मला सगळ्यात आवडलेली रीत माझ्या मावशीच्या गावची. पत्रिकेवर ना पक्ष ना माणूस, नुसत्या दोन बाटल्या. एक उभी, एक आडवी. उभी म्हणजे दारूचं दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मत फक्त बायकांचं. यातला खरा पेच गणितात आहे. मत द्यायला आलेल्यांपैकी निम्म्या पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली निवडावी लागते. म्हणजे घरी राहिलेली बाई, तिच्या मनात काहीही असो, उभ्या बाटलीच्याच खात्यात जाते. हे दुकानाच्या बाजूच्यांनाही पक्कं माहीत होतं. त्यांनी कुणालाच 'उभीला मत द्या' म्हटलं नाही. त्या दिवशी भांगलणीला दुप्पट हजेरी मात्र जाहीर केली. मावशीने दिराचा ट्रॅक्टर काढायला लावला आणि बांधाबांधावरून खुरप्यासकट बायका ट्रॉलीत भरून आणल्या. बाळंतीण, दमेकरी, भांडून माहेरी गेलेली, कुणी सोडली नाही. बाटली आडवी झाली, पण काठावर. मावशी अजून नावानिशी सांगते, कोण आली नव्हती.

आजीकडे परत येतो. २०१९ला काकू तिला धरून आत घेऊन गेली होती. दिसत नसलेल्या किंवा थकलेल्या मतदाराच्या सोबत्याच्या उजव्या तर्जनीला शाई लावतात, म्हणजे तो त्या दिवशी आणखी कुणाचा सोबती होऊ शकत नाही. स्वतःच्या मताची शाई डावीकडे, आजीची उजवीकडे. काकू आठवडाभर दोन्ही हात दाखवत फिरत होती. २०२४ला तिचाही एक मान गेला.

७ मेला, मतदानाच्या दिवशी, आजी सकाळपासून ओसरीवर होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला "गर्दी हाय का?" विचारत होती. दुपारी शेजारची सून आली. तिचा नवरा फौजेत. त्याने आपलं मत देण्यासाठी तिचं नाव दिलेलं आहे, फौजीला तशी मुभा असते. दुसऱ्याच्या वतीने दिलेल्या मताची शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लागते. तिच्या हातावर तर्जनीला एक रेघ, मधल्या बोटाला एक.

"दोनदा देऊन आलीस काय गं?"

"एक त्यांचं हाय, आजी."

आजीने तिचा हात हातात घेतला, मधल्या बोटावरची शाई अंगठ्याने घासून बघितली.

"आणि कुणाला द्यायचं ते त्याला विचारलंस का?"

सून हसली आणि हात सोडवून घरात पळाली.