दम लागत होता, ऑक्सिजन मात्र ठीक होता: फुफ्फुस पुनर्वसनाचा माझा अनुभव

विषाणूजन्य न्यूमोनियानंतर घरी सोडलं, तेव्हा कागदोपत्री मी बरी झाले होते. ताप गेला होता, एक्स-रे निवळत आला होता, ऑक्सिमीटरवर ९६ दिसत होते. पण अंघोळ करून केस पुसायला हात वर केले की धाप लागायची. फोनवर बोलताना वाक्य पुरं होण्याआधीच श्वास संपायचा. मी शिक्षिका आहे. तासन्‌तास उभं राहून बोलणं हेच माझं काम, त्यामुळे सगळ्यात मोठी धास्ती त्याचीच होती.

घरचे म्हणत, आकडा चांगला आहे, उगाच काळजी करू नकोस. आकडा खरोखरच चांगला होता, आणि दमही तितकाच खरा होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे मला पुनर्वसनात समजलं. हा अनुभव लिहून काढण्याचं मुख्य कारण तेच आहे.

छातीच्या डॉक्टरांनी 'पल्मनरी रिहॅब'साठी, म्हणजे फुफ्फुस पुनर्वसनासाठी, चिठ्ठी दिली तेव्हा मला वाटलं, तीन चेंडूंच्या त्या प्लॅस्टिकच्या यंत्रात श्वास ओढत बसायचं असेल. ते यंत्र रुग्णालयातच हातात दिलेलं होतं. प्रत्यक्ष कार्यक्रमात त्याचं नावही फारसं निघालं नाही. हा कार्यक्रम साधारणपणे ६ ते १२ आठवड्यांचा असतो. आठवड्यातून किमान दोनदा देखरेखीखाली व्यायाम आणि उरलेले दिवस घरी. त्यात पायांचे, हातांचे व्यायाम, श्वासाची तंत्रं आणि आपल्या आजाराबद्दलची माहिती, हे सगळं येतं. बहुतेक वेळ मी घाम गाळला तो पायांनी.

सुरुवातीला तपासण्या झाल्या. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुफ्फुसांची क्षमता मोजणाऱ्या तपासणीत, जोरात फुंकायचं असतं, त्यात थकायला होतं, पण दहा-पंधरा मिनिटांत काम संपतं. खरी उलगडा करणारी तपासणी होती सहा मिनिटांच्या चालण्याची. ३० मीटरचा सरळ रस्ता, दोन टोकांना खुणा. आपल्या चालीने चालायचं, पळायचं नाही. थांबावंसं वाटलं तर थांबता येतं, भिंतीला टेकता येतं, पण घड्याळ थांबत नाही. बाजूला उभ्या असलेल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम दर मिनिटाला ठरावीक वाक्य एकाच सुरात बोलत होत्या. जास्त प्रोत्साहन दिलं तर माणूस जास्त चालतो आणि आधीच्या-नंतरच्या चाचणीची तुलना बिघडते, म्हणून तेवढीच वाक्यं.

चालण्याआधी आणि नंतर एक तक्ता पुढे धरतात. ० म्हणजे दम अजिबात नाही, १० म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही इतका. ही पट्टी गुन्नार बॉर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांच्या कामातून आलेली आहे. मी ७ वर बोट ठेवलं. ऑक्सिमीटरवर त्या वेळी ९३ होते.

मॅडमनी ते दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि म्हणाल्या, "ताई, तुमचा दम खरा आहे, पण तो सगळा फुफ्फुसातून येत नाहीये."

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. अंथरुणाला खिळलेलं असताना मांड्यांचे स्नायू झपाट्याने झिजतात. त्यात मला स्टेरॉइडही दिलेली होती, आणि तीही मांड्या-खांद्यांकडचे स्नायू कमजोर करतात. कमजोर स्नायू थोड्याशा कामानेच लॅक्टिक आम्ल तयार करू लागतात. ते निस्तरताना कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मेंदू श्वासाची गती वाढवतो. म्हणजे काम पाय करत होते आणि तक्रार छातीतून येत होती.

दुसरं कारण माझ्या श्वास घेण्याच्या पद्धतीत होतं. आजारपणात लागलेली उथळ, भरभर श्वासाची सवय सुटलेली नव्हती. याचा हिशोब मॅडमनी कागदावर मांडून दाखवला. प्रत्येक श्वासातली सुमारे १५० मिलिलीटर हवा घसा आणि श्वासनलिकांमध्येच राहते, जिथून ऑक्सिजन रक्तात जातो त्या वायुकोशांपर्यंत पोचतच नाही. ५०० मिलिलीटरचे १२ श्वास घेतले तर मिनिटाला ६ लिटर हवा आत गेली, त्यातली ४.२ लिटर कामी आली. २५० मिलिलीटरचे २४ श्वास घेतले तरी आत ६ लिटरच गेली, पण कामी आली जेमतेम २.४ लिटर. मेहनत दुप्पट आणि पदरात निम्म्याच्या आसपास. तो कागद मी जपून ठेवलाय.

म्हणून पहिला धडा श्वास सोडण्याचा. नाकाने सावकाश आत, ओठांचा चंबू करून त्याच्या दुप्पट वेळ बाहेर. एक हात छातीवर, एक पोटावर. पोटावरचा हात हलायला हवा. ऐकायला सोपं आहे, पण दम लागलेला असताना मन 'आत घे, आत घे' असंच ओरडत असतं, तेव्हा बाहेर सोडायला शिकावं लागतं. जिन्यासाठी एकच सूत्र: उभ्या जागी श्वास घ्यायचा आणि पायऱ्या चढताना सोडायचा. वाकून काही उचलायचं असेल तरी जोर लावण्याच्या क्षणी सोडायचा. धाप लागलीच तर खुर्चीत पुढे झुकून कोपरं मांड्यांवर टेकवायची, खांदे सैल सोडायचे. उभं असताना भिंतीला किंवा कठड्याला तसंच टेकता येतं. खरं सांगायचं तर या बसण्याने मला सगळ्यात जास्त धीर दिला, कारण घराबाहेर दम लागला तर काय, या प्रश्नाचं उत्तर हातात आलं.

कफ काढण्याचं तंत्रही शिकवतात: तीन-चार खोल श्वास, मग आरशावर वाफ सोडावी तसा तोंड उघडं ठेवून 'हाऽ' करत जोराचा उच्छ्वास. मला कोरडा खोकला होता, त्यामुळे ते माझ्यासाठी नाही असं मॅडमनी स्पष्टच सांगितलं. सगळ्यांना एकच साचा लावत नाहीत, हे मला फार आवडलं.

पायांसाठी खुर्चीतून हात न टेकता उठबस, एका पायरीवर चढ-उतार; हातांसाठी भिंतीला दंड. चालणं तुकड्यातुकड्यांत: दोन मिनिटं चाल, एक मिनिट थांब. दम त्या ० ते १० च्या पट्टीवर ३ ते ४ च्या दरम्यान राहिला पाहिजे, म्हणजे वाक्य बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. मला तर बोलायचंच होतं, म्हणून चालताना मी एखादा धडा मनात न म्हणता मोठ्याने म्हणू लागले. कुठे श्वास घ्यायचा, वाक्य कुठे तोडायचं, याचा सराव त्यातच झाला.

आता दोन माणसांबद्दल सांगितल्याशिवाय हे अर्धवट राहील. आमच्या गटात एक काका होते. त्यांची गोष्ट माझ्या अगदी उलट. ते तरातरा चालायचे, "मला काहीच होत नाही" म्हणायचे, आणि ऑक्सिमीटरवर ८६ दिसायचे. त्यांना दम जाणवतच नव्हता. त्यांच्यासाठी नियम आकड्याचा: ८८च्या खाली गेलं की थांबायचं, बरं वाटत असलं तरीही. माझ्यासाठी नियम दमाचा, त्यांच्यासाठी यंत्राचा. म्हणून दुसऱ्या कुणाचा व्यायाम पाहून आपला ठरवू नये. यंत्राचीही खातरजमा करावी लागते: बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो, आणि त्वचा सावळी असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. लावल्या लावल्या वाचायचं नाही, आकडा स्थिर होऊ द्यायचा.

दुसरी एक तरुण मुलगी. व्यायाम करताना ठीक असायची, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पार कोसळायची. अंग दुखायचं, डोकं चालायचं नाही, उठवायचं नाही. आधी एका ठिकाणी तिला "जोर लाव, सवय होईल" असं सांगून व्यायाम वाढवत नेला होता आणि ती आणखी खालावली. इथे मॅडमनी तिचा वाढता व्यायाम ताबडतोब थांबवला आणि तिला शक्ती पुरवून पुरवून वापरायला शिकवलं: कामाचे छोटे भाग, थकण्याआधी विश्रांती, रोजची नोंद. विषाणूजन्य आजारानंतर काही जणांना श्रमानंतर असा उशिरा फटका बसतो, आणि त्यांच्यासाठी वाढता व्यायाम घातक ठरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही याबद्दल सावध केलं आहे. तिला आळशी म्हणणारे लोक पाहिले आहेत मी, आणि त्याचा अजून राग येतो. व्यायामाने तुम्हाला त्या क्षणी कसं वाटतं एवढंच पाहू नका, पुढचे दोन दिवस कसे गेले तेही फिजिओला सांगा.

काही लक्षणांत मात्र व्यायाम सोडून सरळ डॉक्टर गाठायचे, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं: छातीत दुखणं, भोवळ, बसल्या जागी अचानक वाढलेला दम, खोकल्यातून रक्त, किंवा एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. शेवटची खूण पायात रक्ताची गुठळी झाल्याची असू शकते.

कार्यक्रमाच्या शेवटी पुन्हा तोच ३० मीटरचा रस्ता, तीच वाक्यं. अंतर साधारण ३० मीटरने वाढलं तरी तो फरक खरा मानतात. माझं त्याच्या कितीतरी पुढे गेलं. पट्टीवर बोट ४ वर आलं. स्पायरोमेट्रीचे आकडे मात्र जवळपास होते तिथेच होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण बदल कुठे झालाय हे उठबस करताना मांड्याच सांगत होत्या. शाळेत मी आधी अर्ध्या वेळेसाठी रुजू झाले, दोन तासांच्या मध्ये बसायला खुर्ची मागून घेतली, आणि मग हळूहळू पूर्ण वेळ.

व्यायाम सोडला तर मिळवलेलं काही महिन्यांत ओसरतं, म्हणून घरचा तक्ता चालूच आहे. तुम्ही याच टप्प्यावर असाल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं विचारा: मला फुफ्फुस पुनर्वसनाची चिठ्ठी मिळेल का, चालल्यावर माझा ऑक्सिजन किती उतरतो, आणि मी थांबायचं ते दमावरून की आकड्यावरून? केंद्र लांब असेल तर व्हिडिओवरून देखरेख होते का, तेही विचारा. पहिली तपासणी मात्र शक्यतो समोरासमोर करून घ्या, कारण चालताना काय होतं ते बसलेल्या माणसाच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर दिसत नाही.