तुम्ही विचारलंत म्हणून : राणीची श्रद्धा आणि राणीचं काम

मी ख्रिस्ती, त्यातून इंग्लंडच्या इतिहासाची आवड, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो : दुसऱ्या एलिझाबेथ चर्च ऑफ इंग्लंडच्या, म्हणजे तिथल्या अधिकृत चर्चच्या, प्रमुख होत्या, नाताळच्या भाषणात उघडपणे येशूचं नाव घ्यायच्या. मग तिथल्या हिंदू-मुसलमानांनी, देव न मानणाऱ्यांनी त्यांना आपली राणी कसं मानायचं?

प्रमुखपद ऐकायला वाटतं तेवढं मोठं उरलेलं नाही. आठव्या हेन्रीने १५३४ साली पोपची सत्ता झुगारली, तेव्हा चर्च खरोखरच राजाच्या हाती आलं. आता बिशपांची नेमणूक राजाच्या नावाने होते, पण ती पंतप्रधानांच्या सल्ल्याने. (२६ बिशपांना संसदेच्या वरच्या, लॉर्ड्सच्या सभागृहात अजूनही जागा आहेत. ते मला पटत नाही.)

माझं लक्ष राणीच्या स्वतःच्या श्रद्धेकडे जातं. १९५२च्या नाताळात, राज्याभिषेक जवळ आलेला असताना, त्यांनी रेडिओवरून विनंती केली : तुमचा धर्म कोणताही असो, त्या दिवशी माझ्यासाठी प्रार्थना करा. सव्वीस वर्षांची राणी प्रजेकडे मागते काय, तर प्रार्थना. आणि तीही फक्त आपल्या धर्माच्या लोकांकडे नाही. २ जून १९५३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतला सोहळा टीव्हीवर दिसला, पण पवित्र तेलाचा अभिषेक कॅमेऱ्याला दाखवला नाही. तो त्यांचा आणि देवाचा क्षण होता.

कायद्याच्या आड त्यांनी श्रद्धा आणली नाही. १९६७चा गर्भपाताचा कायदा, २०१३चा समलिंगी विवाहाचा कायदा, दोन्हींना त्यांची संमती मिळाली. मनात काय होतं, ते कळू दिलं नाही. बेल्जियमचे राजे बोदुआँ यांनी १९९० साली वेगळा रस्ता धरला. ते निष्ठावान कॅथलिक. गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला त्यांचं मन तयार होईना. मग मंत्रिमंडळाने राजा राज्य करण्यास असमर्थ असल्याचं जाहीर केलं, मंत्र्यांनीच सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी संसदेने राजाला अधिकार परत दिले. बोदुआँ आणि राणी फाबिओला यांना मूल झालं नाही, ते दुःख त्यांनी सोसलं होतं. त्यांच्या प्रामाणिकपणापुढे मी मान लववते. तरीही लोकांनी निवडलेल्या संसदेपुढे आपलं मत बाजूला ठेवणाऱ्या राणीत मला अधिक नम्रता दिसते.

त्यांची श्रद्धा पाहायची तर आयर्लंडकडे पाहावं. १९७९ साली आयआरएने, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडण्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, लॉर्ड माउंटबॅटन यांची बोट बॉम्बने उडवली. आपल्याला ते शेवटचे व्हाइसरॉय म्हणून माहीत. राणीच्या घरात ते पतीचे मामा. जून २०१२मध्ये बेलफास्टला राणीने मार्टिन मॅकगिनेस यांच्याशी हस्तांदोलन केलं, जे एके काळी आयआरएचे कमांडर होते. हे करायला सरकारचा सल्ला असणारच, पण हात त्यांचाच होता. २०१४च्या नाताळात त्यांनी येशूला समेटाचा आणि क्षमेचा आदर्श म्हटलं, तेव्हा त्या शब्दांना ही किंमत चुकती केलेली होती. म्हणूनच मला ते भाषण कधी प्रचारकी वाटलं नाही.

कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या निवासस्थानी, लॅम्बेथ पॅलेसमध्ये, २०१२ साली, सगळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांसमोर, त्या म्हणाल्या होत्या की इतर धर्मांना वगळून स्वतःला जपणं हे चर्चचं काम नव्हे. देशात प्रत्येकाला आपला धर्म मोकळेपणाने पाळता यावा, हे पाहणं त्याचं कर्तव्य आहे. ६ मे २०२३ला चार्ल्स यांच्या राज्याभिषेकात हिंदू पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बायबलमधलं वाचन केलं, आणि राजाने सर्व श्रद्धांच्या लोकांसाठी आपण आशीर्वाद ठरावं अशी प्रार्थना केली. त्याच सोहळ्यात प्रॉटेस्टंट धर्म टिकवण्याची जुनी शपथही घ्यावी लागली, कारण ती कायद्यात आहे. ती बदलणं राजाच्या हातात नाही, संसदेच्या आहे. आणि मी ख्रिस्ती असूनही, संसदेने ती बदलावी असंच मला वाटतं.