दुसऱ्या पिढीत शेंगांच्या वजनावर निवड का करू नये

भुईमुगाच्या संकराची दुसरी पिढी उपटण्याचा दिवस नवे वाण घडवणाऱ्या पैदासकारासाठी मोहाचा असतो. झाड मातीबाहेर येईपर्यंत त्याखाली काय आहे ते कळत नाही, आणि शेंगांनी लगडलेले एखादे झाड हाती आले की ते बाजूला काढून ठेवण्याचा विचार आधी मनात येतो. सुरुवातीची काही वर्षे मीही तेच केले. सर्वांत वजनदार झाडांच्या ओळी पुढे पेरत गेलो, तरी चौथ्या पिढीत त्यांचे उत्पादन सरसकट घेतलेल्या ओळींपेक्षा सरस ठरले नाही. जुनी नोंदवही काढून पाहिली, तेव्हा त्यांतील बरीचशी झाडे पाटाकडेची किंवा शेजारी नांगी पडलेल्या जागेची निघाली. मी निवडली होती ती मोकळी जागा आणि जादा ओल.

भुईमूग स्वपरागी असल्यामुळे विषमयुग्मी जनुकजोड्यांचे, म्हणजे ज्यांतील दोन जनुके वेगळी असतात अशा जोड्यांचे, प्रमाण दर पिढीला निम्मे होते: दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसऱ्या पिढीत २५ टक्के, चौथ्या पिढीत १२.५ टक्के. दुसऱ्या पिढीतील झाडाचा जोम काही अंशी या संकरावस्थेचा असतो आणि तो संततीत तसाच उतरत नाही. शिवाय शेंगांचे उत्पादन हा अल्प प्रभावाच्या अनेक जनुकांचा एकत्रित परिणाम असल्याने, एकाच जागी वाढलेल्या एकट्या झाडावरून त्याचा अंदाज बांधणे फार अविश्वसनीय ठरते.

मग त्या दिवशी पाहावे काय? झाडाची ठेवण, शंभर दाण्यांचे वजन आणि शेंगांतून निघणारा दाण्यांचा उतारा हे गुण त्या मानाने अधिक स्थिर असतात. मात्र उतारा केवळ पक्व शेंगांवरूनच काढावा, कारण कोवळ्या शेंगा मिसळल्या की तो फसवतो. पक्वता मी सर्वांत महत्त्वाची मानतो. सर्व झाडे एकाच दिवशी उपटून टरफलाची आतली बाजू पाहिली, की पक्व शेंगेत ती काळपट तपकिरी आणि कोवळ्या शेंगेत पांढरी दिसते. उशिरा सुटलेल्या आऱ्यांच्या, म्हणजे फुलानंतर जमिनीत शिरून टोकाला शेंग धरणाऱ्या देठांच्या, शेंगा काढणीपर्यंत भरत नाहीत. म्हणून एकूण शेंगांपेक्षा पक्व शेंगांचे प्रमाण मला अधिक बोलके वाटते, विशेषतः आपल्या जिरायती खरिपात, जिथे परतीच्या पावसाचा भरवसा नसतो. जळगावच्या संशोधन केंद्रातून आलेला जेएल-२४, म्हणजेच फुले प्रगती, हा वाण शेतकऱ्यांनी इतका आपलासा केला, त्यात त्याच्या लवकर तयार होण्याचा वाटा मोठा होता.

उत्पादनाची चाचणी लवकर घेण्यात बियाण्याचीही अडचण आहे. एका झाडापासून जेमतेम काही डझन चांगले दाणे मिळतात, आणि पुनरावृत्तीच्या वाफ्यांना, म्हणजे तीच ओळ अनेक वाफ्यांत पेरून तुलना करायला, शेकडो दाणे लागतात. त्यामुळे नको असलेली झाडे, म्हणजे उशिराची, पोचट शेंगांची, रोगाला लवकर बळी पडणारी, काढून टाकून उरलेल्या प्रत्येक झाडाची एकेक शेंग पुढे नेणे मला योग्य वाटते. खरीप आणि उन्हाळी अशा वर्षाला दोन पिढ्या आपल्याकडे घेता येतात. उन्हाळ्यात टिक्का आणि तांबेरा या पानांवरील रोगांचा जोर कमी असल्याने त्या हंगामात मी केवळ पिढी पुढे नेतो, रोगासाठी छाटणी खरिपातच करतो, आणि शेंगांच्या वजनाचा रकाना पाचव्या पिढीच्या ओळी प्रचलित वाणाशेजारी पेरल्यावरच भरतो.